थंड हवेचा पाइप आणि दगडावरचा पट्टा

गाड्यांच्या या ग्रुपवर हे आत्ताच सांगायला पाहिजे, कारण दहा मिनिटांपूर्वी बाबांनी एका मच्छीवाल्या मित्राला फोन लावला आणि विचारलं, "पाणी उतरलं काय रं? गाडी काढू ना?" मी आतल्या खोलीत होतो. ऐकलं आणि लगेच हे लिहायला घेतलं. तुम्हाला वाटेल यात काय एवढं. पण पाण्याचं बाबांनी दुसऱ्याला विचारायचं म्हणजे उलटंच झालं सगळं, कारण पाण्याचं आख्खं गाव बाबांना विचारायचं. टायपिंगच्या चुका समजून घ्या. परत वाचायला बसलो तर मी हे डिलीट करीन.

आमचं घर दिवेआगरपासून थोडं आत, खाडीच्या अल्याड. दिघीच्या रस्त्याला लागायचं तर खाडीतला एक खालचा रस्ता ओलांडावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती आली की तो पाण्याखाली जातो. दुसरा रस्ता आहे, पण डोंगराला पूर्ण वळसा. त्या रस्त्याने गेलात तर दिघीहून आगरदांड्याला जाणारी फेरीबोट चुकलीच.

बाबांचं गणित असं, की तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अष्टमी असेल तर सहाला. बोटांच्या पेरांवर मोजतात, कॅलेंडरकडे फक्त तिथीपुरतं बघतात. आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी एक उभा दगड आहे, त्याच्यावर बाबांनीच एक पांढरा पट्टा मारला होता. पिकअप पाण्यात उभी करून, चाकाच्या मधल्या नटाला पाणी लागलं तेव्हा दगडावर ते कुठे आलंय ते बघून. पट्टा दिसतोय तर गाडी घाला, पट्टा बुडाला तर थांबा. सगळे त्याच्यावर चालायचे. शाळेचा टेम्पो, दूधवाला, लग्नाच्या गाड्या. सकाळी फोन यायचेच, "काका, पाणी कसं हाय?" बाबा दात घासता घासता सांगायचे, "साडेदहापर्यंत बिनधास्त जा, मग दीडनंतर."

वादळात आमची सुपारीची वाडी झोपली. उरलेल्या चार झाडांची फळं धरून बाबांनी रोपं करायला घेतली, कारण सगळ्यांच्याच वाड्या पडल्या होत्या आणि सगळ्यांनाच परत लावायचं होतं. ती रोपं पोचवायला ही जुनी पिकअप घेतली. घर त्या पिकअपवर चालतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, हे आधीच लिहून ठेवतो.

आता माझं. मला गाड्यांचं वेड. मोबाइलवर दिवसभर तेच बघायचो. त्यात ते कोल्ड एअर इनटेक. म्हणजे कंपनीने एअर फिल्टरची जी काळी प्लास्टिकची पेटी दिलेली असते ती काढायची, आणि तिच्या जागी जाड पाइप आणि उघडा, शंकूसारखा लाल फिल्टर लावायचा. थंड हवा दाट असते, इंजिनाला दाट हवा मिळाली की ताकद वाढते, अॅव्हरेज वाढतं, पिकअप पळते. व्हिडिओत सगळे हेच सांगतात, आणि सगळ्यांच्या मागे तेच जोरातलं म्युझिक. मी होमस्टेवर सुट्टीभर काम केलेल्या पगारातून ते किट मागवलं. बाबांना म्हटलं, चढाला गाडी दमते ना, आता दमणार नाही.

"कंपनीवाल्यांना कळलं न्हाय, तुला कळलं?" बाबा बोलले. पण लावू दिलं. मला वाटतं माझा चेहरा बघून लावू दिलं.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्या दादाने अर्ध्या तासात बसवलं. स्टार्टर मारला आणि काय आवाज आला सांगू. अॅक्सिलरेटर दाबला की फुस्स्स्, सोडला की सुसाट श्वास. मी लगेच व्हिडिओ टाकला. लाइक, हार्ट, "भावा कडक", सगळं. बाबा दारात उभे राहून ऐकत होते.

"गाडीला दमा झालाय काय रं?"

आई आतून बोलली, "बरं झालं. आता तळा गावातून निघालात की आवाज ऐकूनच मी इथे भात टाकते."

पण मी प्रामाणिक होतो तेव्हा, थोडा तरी. किट लावायच्या आधी मी मोबाइलवर टाइम लावून ठेवला होता. तळ्याच्या बाजूचा एक चढ, खालच्या मोरीपासून वरच्या चहाच्या टपरीपर्यंत, मागे तीच नारळाची पोती. किट लावल्यावर परत तोच चढ, तीच पोती. चालवताना शप्पथ वाटलं की गाडी उडतेय. टपरीशी थांबून मोबाइल बघितला तर आधीपेक्षा उशिरा. परत खाली गेलो, परत वर आलो. परत उशीर. तीनदा केलं. टपरीवाला बोलला, "काय हरवलंय काय?"

कारण साधं होतं. उघडा फिल्टर रेडिएटरच्या बाजूला, बॉनेटखाली. तिथे हवा तापलेली. कंपनीची पेटी निदान बॉनेटच्या वरच्या कडेजवळून, बाहेरची हवा घेत होती. म्हणजे थंड हवेच्या नावाखाली मी गाडीला गरम हवा पाजत होतो.

इथे थांबायला पाहिजे होतं. इथेच.

मी दादाकडे गेलो. तो बोलला, "मग तोंड खाली काढू ना. बंपरच्या मागे, फॉगलॅम्पच्या बाजूला. तिथे एकदम गार वारा." आणि पाइप वाढवून फिल्टर खाली नेऊन बसवला. रस्त्यापासून जेमतेम गुडघ्याएवढा. परत चढ, परत टाइम. या वेळी पहिल्याइतकाच आला. म्हणजे एवढं सगळं करून गाडी होती तिथेच आली, फक्त आवाज राहिला. दादाला विचारलं तर डोकं खाजवत बोलला, "डिझेल किती मारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो रे. हवा वाढवून एकट्याने काय होणार." हे त्याला आधी माहीत होतं का, हे मी विचारलं नाही.

व्हिडिओखाली एकाने विचारलं होतं, फरक पडला का? मी लिहिलं, "खूप." ते अजून आहे तिथे.

आणि फिल्टर खाली नेलाय हे मी बाबांना सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. सांगायला गेलो असतो तर आधी पहिल्यांदा फसलं हे सांगावं लागलं असतं. बाबा बॉनेट फारसे उघडत नाहीत, त्यांना आवाज तोच येत होता.

तो दिवस पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचा. प्रतिपदा, म्हणजे पाऊणच्या आसपास भरती. मागे रोपं भरलेली, पलीकडे मुरूडच्या बाजूला एकाने खड्डे खणून ठेवलेले, माणसं लावायला बोलावलेली. निघायला अकरा वाजून गेले. चुलत्याकडे एक टायर बघायला थांबलो म्हणून. दगडाशी आलो तेव्हा रस्त्यावर पाणी होतं. बाबा चालवत होते, त्यांनी मान बाहेर काढली.

"पट्टा चार बोटं दिसतोय. चल."

मला आठवलं. खरं सांगतो, त्याच क्षणी आठवलं की ते तोंड आता खाली आहे. पट्टा मारला तेव्हा हवा घेणारं तोंड वर होतं, कंपनीने दिलेलं. मी तोंड उघडलं पण, आणि बोललो काय, तर "बाबा, हळू." बाबा हसले. "पंधरा वर्सं घालतोय गाड्या हितनं."

मधोमध आल्यावर पुढचं पाणी बंपरवर चढलं, लाटेसारखं. आणि इंजिनात ठण् असा एकच आवाज झाला. लोखंडावर घण पडल्यासारखा. मग काही नाही. त्या आवाजाचा माझ्याकडे व्हिडिओ नाही, पण तो मला अजून ऐकू येतो. इंजिनाने खारं पाणी ओढलं होतं. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे आतला रॉड वाकला.

बाबा पाण्यात उतरले, जेमतेम गुडघ्यापर्यंत. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी मागे वळून दगडाकडे बघितलं. पट्टा दिसत होता. ते बराच वेळ बघत राहिले.

ट्रॅक्टर आणून गाडी काढली, गॅरेजला नेली. दादा गाडीखाली वाकला. त्याने पाइप बघितला, मग मला बघितलं. मी मान खाली घातली. तो उठून बोलला, "पाणी जास्त होतं, काका."

"व्हय," बाबा बोलले. "माझाच अंदाज चुकला."

बस. एवढंच झालं. मी आणि दादाने मिळून एका म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडलं आणि आम्हाला एक मिनिट पण लागलं नाही. दादाने पाइप, फिल्टर काढून ठेवला, मी घरातून जुनी काळी पेटी आणून दिली. बाबांना वाटलं शोचं सामान आहे, खराब झालं म्हणून काढलं.

रोपं त्या दिवशी पोचली नाहीत. दुसऱ्याच्या टेम्पोतून गेली, दोन दिवस उशिरा, अर्धी माना टाकलेली. इंजिनाच्या खर्चाचं मी इथे बोलणारच नाही, तो बाबांनी केला. ते मी कधीतरी फेडीन. जे फेडता येत नाही ते दुसरंच आहे.

नाक्यावर लोक बाबांची मस्करी करायला लागले. "काका, तिथी बघितलीत ती या वर्षाच्याच कॅलेंडरात ना?" बाबा पण हसायचे सोबत. मग सकाळचे फोन कमी झाले. मग बंद. शाळेचा टेम्पोवाला आता मोबाइलवर भरतीचं टेबल बघतो. आणि गाडी सुरू झाल्यावर एका दुपारी, ओहोटी असताना, बाबा रंग आणि डांबराचा डबा घेऊन गेले. मला बोलले, ब्रश धर. जुन्या पट्ट्यावर त्यांनी डांबर फासलं आणि वीतभर खाली नवीन पट्टा मारला. वाकून, एक डोळा मिटून, सरळ येतो का बघत.

"एवढ्या खाली?" मी विचारलं.

"आता माझा भरवसा न्हाय," ते बोलले. "कुणाची तरी पोरं असतात टेम्पोत."

डबा माझ्या हातात होता. मी ब्रश धुतला.

आता नवीन पट्टा लवकर बुडतो, आणि आख्खं गाव दर उधाणाला तासभर जास्त थांबतं. दूधवाला शिव्या घालतो. काही नाही झालंय तिथे. खाडी तीच आहे, तिथीची पाऊणपट तीच. मी एक लाल फिल्टर लावला होता, एवढंच.

इथपर्यंत लिहिलं आणि मोबाइल ठेवून बाहेर गेलो. आता परत आलोय. काय झालं ते लिहितो.

बाबा ओटीवर बसून रोपांच्या पिशव्यांत माती भरत होते. मी सगळं सांगितलं. गरम हवा, खाली काढलेलं तोंड, दादाची नजर, पाण्यात मला आठवलं होतं ते पण. भराभर सांगितलं, मध्ये थांबलो असतो तर उरलेलं आलं नसतं. ते माती भरत राहिले. मग हात थांबले.

"म्हंजे पट्टा बरोबर होता."

"हो."

"आणि हे तुला तवाच माहीत हुतं."

"हो."

"पाच महिने," ते बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "पाच महिने मी लोकांना भरती विचारत फिरतोय."

मी म्हटलं, मी आत्ता जातो, डांबर खरवडून काढतो, होता तिथे पट्टा मारून देतो. नाक्यावर सगळ्यांना सांगतो, माझं नाव घेऊन.

त्यांनी पुढची पिशवी उचलली. "राहू दे. लोकांना आता खालच्याची सवय झाली. वर घेतला तर कोन ठेवनार इश्वास? लोक म्हनतील पोरानं बापासाठी अंगावर घेतलं." मग माती दाबत, माझ्याकडे न बघता, "आणि मला पण सवय झाली विचारायची."

एवढं बोलून त्यांनी घड्याळ बघितलं. आज तृतीया, म्हणजे सव्वादोनला भरती. बोटं हलली त्यांची, मी बघितली, पेरांवर अंगठा बरोबर जाऊन थांबला. तरी त्यांनी मोबाइल उचलला आणि त्याच मित्राला लावला.

म्हणून विचारतो. ताकद वाढते का, आवाज कसा येतो, कोणता फिल्टर चांगला, ते विचारत नाही, ते मला आता पाठ आहे. तुमच्यापैकी कुणाच्या हातून असं झालंय का, की मोडलं तुम्ही आणि चूक आपलीच समजून बसलं घरातलं दुसरं कुणीतरी? आणि तुम्ही सांगितल्यावर त्या माणसाने परत स्वतःवर भरवसा ठेवला का? ठेवला असेल तर कसा, ते लिहा. मी वाट बघतोय.