फटफटी पारापुढून गेली

"जिच्या तोंडून 'हूं' निघत न्हाई, ती फटफटी काय चालवनार?"

पारावरून गोविंदनानांचा आवाज आला. मी फटफटीवर आणखी ताठ बसले, पण उत्तर दिलं नाही. (उत्तर मी कुणालाच देत नसे. सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेत जाऊन मी तीन भाषांमध्ये गप्प बसायला शिकले होते.)

फटफटीला बाजूने जोडलेल्या डब्यात काका बसले होते. फटफटी त्यांचीच, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मध्यंतरी रस्ता अडवून बसलेल्या एका म्हशीपुढे त्यांनी बराच वेळ भोंगा वाजवला, शिव्याही दिल्या. ती कडब्याची गंजी निघाली! आता अंबडच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी मिळत होती, आणि आमच्या वडीगोद्रीहून रोज नेणारं कुणी नव्हतं.

"मीच चालवत जाईन," असं मी म्हटलं नाही. माझ्या वतीने काका म्हणाले.

आजोबांनी निकाल दिला, "फटफटी पारापुढून सरळ गेली, तर नोकरी बिलकुल कबूल. न्हाई तर घरी बसायचं!"

मला काळजी नव्हती. इतकी वर्षं डब्यात बसून मी काकांची प्रत्येक हालचाल पाठ केली होती. प्रत्येक! तिथेच घोटाळा झाला.

आमच्या गावात बाईमाणूस पारापुढून वाहनात बसून जात नसे. कडुलिंबापाशी उतरायचं, डोक्यावर पदर घ्यायचा, मान खाली घालून विहिरीपर्यंत चालायचं आणि पुन्हा बसायचं. काकांची फटफटी एकदा बंद पडली की दुपारपर्यंत रुसून बसे. म्हणून ते ती थांबवतच नसत, नुसती हळू करत. मी चालत्या डब्यातून उतरे आणि चालत्या डब्यात चढे.

तर आम्ही निघालो. भडभड, भडभड! चाकं बैलगाड्यांच्या चाकोरीत छान बसली. कडुलिंब आला. मी वेगाचा दांडा खाली ओढला, फटफटी हळू केली आणि...

उतरले!

पदर घेतला, मान खाली घातली आणि चालू लागले. (चालवणाऱ्याने उतरायचं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.) दांडा लावला तिथेच राहिला, चाकोरी सरळ होती, डब्यामुळे फटफटी कलंडेना. काकांना घेऊन ती शांतपणे पुढे निघाली.

"शाब्बास पोरी! हात एकदम बराबर हाय!" काका रिकाम्या सीटला म्हणाले. मग पारावर बसलेल्या आजोबांकडे वळून ओरडले, "बाबा, बघा! कशी चालवून राह्यली!"

मग गोविंदनाना किंचाळले, "अगं माय! फटफटी झपाटली!"

मी डोळे वर केले. सीट रिकामी! आता ओरडायला हवं होतं, पण आजोबांसमोर आवाज कसा चढवायचा? पळायला हवं होतं, पण पारापुढून पळायचं कसं? मी मान खाली घालून फक्त जरा भरभर चालले. फटफटीही चालली. आम्हा दोघींत अंतर तेवढंच राहिलं!

विहिरीपाशी चाकोरी वळली. फटफटी वळली नाही. ती सरळ कडब्याच्या गंजीत घुसली, दोनदा खोकली आणि बंद पडली. आतून काकांचा आवाज आला, "पोरी, आधी ही म्हैस हटव!"

सगळा पार धावत आला. काकांना पाय धरून बाहेर काढलं. त्यांच्या मिशीत कडबा अडकला होता.

"मी म्हन्लोच व्हतो," गोविंदनाना म्हणाले.

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. "झालं? मंग आता घरीच बसायचं ना?"

अंबडची शाळा डोळ्यांपुढून जाऊ लागली. नेहमीप्रमाणे मी खाली मान घातली. पण तोंड, कोण जाणे कसं, त्याच वेळी उघडलं.

"आजोबा," मी चांगली मोठ्याने म्हणाले, "फटफटी तर पारापुढून सरळ गेली. मागे राहिले ती मी!"