सुभद्राच्या वाट्याची सुकडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाय. पोराला न्हाय, पोरीला न्हाय. बायको गेल्यावर पुण्यानुमोदनाला भन्तेजी आले होते, मन मोकळं करा म्हणले, तवाबी मी मान खाली घालून बसलो. तुमची-माझी ओळख न्हाय, म्हणून तुमाला सांगतो. माझं शिक्षण चौथीपातूर. लिवताना चुकंल. पण ह्या कागदावर खोटं लिवणार न्हाय. ते दुसऱ्या कागदावर लिवून झालंय.

आमी दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मेथीच्या जुड्या बांधल्या. पिंपळीला आमचा भाजीपाल्याचा तुकडा हाय, कालव्याच्या पाण्यावरचा. दुपारी पत्र्याच्या शेडखाली पोतं हातरलं, मधी मेथीचा ढीग, ह्या अंगाला मी, त्या अंगाला माझी बायको सुभद्रा. मी निवडायचो, ती बांधायची. तिच्या मुठीत मावंल तेवढी एक जुडी. पन्नास वर्सं तीच मूठ, तेच माप, बारामतीच्या बाजारात कुणी कधी जुडी लहान म्हणून परत केली न्हाय. तिची पाठ भरून आली म्हणून मी दोन-चार बांधल्या, तर हसली. म्हणली, तुमची जुडी म्हंजे लुगडं सुटलेली म्हातारी, एस्टीत चढायच्या आधीच सुटायची. मग माझी तंबाखूची पुडी नजरंला पडली, तशी ती उचलून शेडच्या भाईर फेकली. हे तिचं लग्नापासनंचं. उंबऱ्याच्या आत तंबाखू येऊ दिली न्हाय तिनं कधी. तिच्या आईला मिश्रीनं, दाताला लावायच्या जळक्या तंबाखूनं, खाल्लं होतं, तोंडाच्या रोगानं गेली, म्हणून.

तिथंच, जुड्या बांधता बांधता, ती एक गोष्ट बोलली. पण ती आत्ता लिवली तर तुमाला कळायची न्हाय. आधी त्या ताईचं सांगितलं पाहिजे.

रेवती ताई. पुण्याची डॉक्टर, पण औषध देणारी न्हाय, शोध लावणारी. बहात्तरच्या दुष्काळात जी माणसं आईच्या पोटात होती, त्यांना ती गावोगाव हुडकत होती. आणि त्यांची पाठची भावंडं, जी सुकाळात जन्मली, तीबी. आमचा दिलीप त्या दुष्काळातला. संगीता चार वर्सानं झाली, तवा घरात ज्वारी होती. तिला इंदापूरला दिली हाय. ताईनं दोघांचंबी रक्त नेलं.

कशाला, असं मी इचारलं. तिनं ओट्यावर बसून समजावलं. म्हणली, आजोबा, आईबापाकडनं आलेलं बी काय बदलत न्हाय. पण त्या बियातलं काय चालू ठेवायचं न् काय बंद, ह्याच्या बारीक खुणा शरीर त्याच्यावर करून ठेवतं. पोर पोटात असताना आई उपाशी राह्यली, की खूण बसती— हितनं फुडं जपून. मग ते पोर मोठं होतं, पोटभर जेवतं, पण खूण ऱ्हाती. अशांच्या रक्ताच्या नळ्या लवकर ताठ होत्यात का, हृदय लवकर थकतं का, ते आमी बघतोय. समद्यांचं तसंच होतं असं न्हाय म्हणली, अजून शोधतोय म्हणली.

मला ते झटक्यात कळलं. भिगवणकडं मी डाळिंबाच्या बागंत राबलोय. झाडाला ताण देत्यात तिथं— पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग पाणी सोडलं की झाड फुलतं. पण एखाद्या झाडाला ताण जास्ती बसला, की मग पाटानं पाणी सोडा, ते झाड पहिल्यासारखं होत न्हाय. वरनं हिरवं दिसतं. आत त्याच्या ध्यानात असतं.

कळलं, म्हणूनच तर भ्यालो.

ताईच्या कागदावर एक सवाल होता. दिलीप पोटात असताना आईला खायला किती मिळत होतं? पोटभर, अर्धपोटी, का उपाशी? सवाल सुभद्राला होता. ताई तिच्याकडंच बघत होती. पण आमच्या घराची रीतच तशी— कागद घेऊन कुणी आलं की बोलायचं बाप्यानं. तिचं वय किती, तर मी सांगायचं. तिचं गुडघं कधीपासनं दुखत्यात, तेबी मीच. तिनं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, मी बघितलं. आणि मी म्हणलो, दुष्काळी कामावर सुकडी मिळत होती की, पोटभर खाल्लं तिनं.

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग भिताडावरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं. आणि म्हणली, ते म्हणत्यात तसं.

ताईनं 'पोटभर'वर खूण केली. मग सांगितलं, ज्यांच्या आया उपाशी होत्या त्यांना दर सहा महिन्याला पुण्याला बोलवणार, मशिनवर हृदय बघणार, काय निघालं तर लगेच इलाज. दिलीपचं नाव त्या यादीत गेलं न्हाय. हे माझ्यासमोर झालं. मला ऐकू कमी येत न्हाय.

मग खोटं का बोललो? फिरून फिरून तिथंच येतोय, सांगून टाकतो.

दुष्काळात आमी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होतो. दुपारी सुकडी वाटायचे— भाजलेल्या पिठाची, भुरकट, गोड, हातावर सांडली तर माणसं चाटून घ्यायची. माणसी एक वाटा. रांगेत मी उभा ऱ्हायचो, दोघांचं मीच घ्यायचो. सुभद्राला सहावा म्हैना. माझी आई म्हणायची, पोटुशीनं हात राखून खावं, न्हायतर पोर थोराड होतं न् अडतं. तशी समज होती आमच्यात, बऱ्याच घरात होती. मी सुभद्राला म्हणलो, आईनं सांगितलंय, सुकडी जड असती, तुला नगं. आणि खडीच्या ढिगामागं जाऊन तिचा वाटा मी खायचो.

आईला सुकडीचं काय माहीत पण नव्हतं. ती म्हणली होती हात राखून. वाटा काढून घे, असं ती म्हणली नव्हती. समज आईची होती, पण ढिगामागं आई गेली नव्हती.

एक दिवस न्हाय. दोन दिवस न्हाय. ती बाळंत होईपातूर. सकाळी घरनं एक भाकरी दोघांत यायची, तेवढ्यावर ती हातोडा उचलायची. पोटाला पदर करकचून बांधायची, भूक कमी लागती म्हणून. मी ते बघायचो. भूक काय तिलाच होती? समद्या रांगंला होती, मलाबी होती. पण तिच्या पोटात आणखी एक उपाशी होता, हे मला ठाऊक होतं का न्हाय? होतं. ठाऊक असताना मी खाल्लं, बोटं चाटली, तोंड पुसलं, आणि येऊन तिच्याशेजारी बसलो.

एकदा ती रिकामं घमेलं न्यायला ढिगामागं आली. माझं तोंड भरलेलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. घमेलं उचललं न् गेली.

दिलीप झाला तो मांजराच्या पिलाएवढा. सुईण म्हणली, बरं झालं, सुटली लवकर. आई म्हणली, बघ, हात राखून खाल्लं म्हणून. मी हसलो. सुभद्रा भिताडाकडं तोंड करून पडलेली होती.

त्यावर पन्नास वर्सं आमच्यात शब्द न्हाय. भांडणात न्हाय, रागात न्हाय. मला वाटायचं इसरली असंल. असं कुणी इसरतं का?

आता त्या जुड्यांच्या दुपारी ती काय बोलली, ते. खाली मान घालून, बंद आवळता आवळता बोलली.

"अवो, दिलीपला जिना चढताना धाप लागती. मी नातीकडनं त्या ताईला फोन लावलाय. एक उत्तर बदलायचंय म्हणलं. उद्या सकाळी येणार हाय ती. मी खरं सांगणार. तुमी फकस्त मधी बोलू नका."

मी मेथी निवडत ऱ्हायलो. पिवळी पानं काढत होतो, का हिरवीच काढत होतो, काय ठाऊक. आणखी दोन जुड्या झाल्यावर ती परत बोलली.

"गोड होती का वो?"

मी म्हणलो, काय?

"सुकडी. मी कधी चाखलीच न्हाय."

तिनं जुडी बांधली, ढिगावर ठेवली, दुसरी घेतली. समद्या जुड्या होईपातूर आमी दोघं तिथंच होतो. मी उत्तर दिलं न्हाय.

दिलीप जिता हाय. पण त्या जुड्यांच्या दुपारनंतर आठ म्हैन्यानं, बहिणीकडं गेला असताना इंदापूरच्या एस्टी स्टँडवर पडला. हृदयाच्या नळीत जाळी बसवली. डॉक्टर म्हणले, आधी कधी मशिनवर बघितलं असतं तर एवढं होऊ दिलं नसतं. आता हृदयाचं जे गेलं ते परत येत न्हाय. आता तो शेडखाली खुर्ची टाकून बसतो न् जुड्या बांधतो. मूठ आयची हाय त्याला. अर्ध्यात थांबतो, छातीवर हात ठेवतो, म्हणतो, काय न्हाय बाबा, दमलो. मी ताटावर बसलो की माझ्या पाठीमागं कुणीतरी रिकामं घमेलं घेऊन उभं असतं. मी वळून बघत न्हाय. कोण हाय ते मला माहीत हाय.

आता ती सकाळ राह्यली.

जुड्यांच्या दुसऱ्या दिवशी सुभद्रा उजाडताना उठली, गॅसवर चहा ठेवला, आणि ओट्याला टेकून खाली बसली ती उठलीच न्हाय. दिलीपनं गाडी आणली, पण न्यायला काय उरलं नव्हतं. नऊच्या सुमाराला रेवती ताई आली, ठरल्याप्रमाणं, बॅग घेऊन. दारात माणसं बघून थबकली. रडली पोरगी. माझ्याशेजारी भाईरच्या ओट्यावर बसली. म्हणली, आजोबा, आज काहीच नको. आजींचा फोन आला होता, एक उत्तर बदलायचंय म्हणाल्या होत्या. ते राहू दे. आणि जायला उठली.

तिनं मला काय इचारलं नव्हतं. ती चालली होती.

मी म्हणलो, "थांबा ताई. मला सांगून गेलीय ती. लिवून घ्या."

ती म्हणली, आत्ता कशाला आजोबा. मी म्हणलो, तिची इच्छा होती. मग तिनं कागद काढला.

"मिश्री लावायची ती," मी म्हणलो. "चोरून. दिलीपच्या वक्तालाबी. तंबाखूच्या सवालाला लाजंनं खरं सांगितलं न्हाय तुमाला. तेवढंच बदलायचं होतं."

ताईनं लिवलं. मग पेन थांबवून हळूच म्हणली, आणि खाण्याचं?

मी म्हणलो, ते पोटभरच.

आत बायका सुभद्राला आंघोळ घालत होत्या. तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज भाईर येत होता. ताईनं कागद माझ्या फुड्यात धरला, बोटानं जागा दाखवली, आणि मी माझं नाव सावकाश, एकेक अक्षर काढून लिवलं.