कुणी वाढलं?

बास्केटबॉल हा खेळ लग्नाच्या पंगतीतून निघाला, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मूळचे केंदूरचे, दौंडला मालगाडीवर गार्ड, आणि तरुणपणी पंचक्रोशीत नाव काढलेले कबड्डीपटू. नव्वदच्या दशकात मी शिकायला आत्याकडे राहत होते. आमच्या शाळेच्या मुलींच्या संघाला शिकवणारं कुणी मिळेना, तेव्हा मामांनी ते काम स्वतःहून अंगावर घेतलं. तोवर बास्केटबॉल त्यांनी फक्त चालत्या गाडीतून पाहिला होता.

त्याचा परिणाम पहिल्याच सामन्यात दिसला. समोरची मुलगी चेंडू घेऊन आत शिरली की आम्ही पाचही जणी हात धरून साखळी करायचो आणि तिला कोपऱ्यात घेरायचो. पंच शिट्ट्या मारून मारून लाल झाले. मामा मात्र खूश होते. "पकड झकास हाय पोरींची, नियमच कच्चं हायती," असं त्यांनी पंचांना समजावूनही सांगितलं. शिवाय त्यांच्या गळ्यात गार्डाची शिट्टी असे. उत्साहाच्या भरात ती वाजली की दोन्हीकडच्या मुली जागच्या जागी थबकत आणि पंच बावरून स्वतःच्या शिट्टीकडे बघत.

नियम त्यांना हळूहळू कळले, तत्त्वज्ञान मात्र पहिल्या दिवसापासून तयार होतं. खेळाडू मैदानावर निवडायचा नसतो, तो पंगतीत निवडायचा, हे त्याचं पहिलं कलम. लग्न असो, बारसं असो, गावजेवण असो, मामा जेवता जेवता वाढणाऱ्या पोरींना न्याहाळत राहायचे. "न मागता जिला दिसतं कुणाच्या पानात काय संपलंय, तिलाच पास दिसतो. उंची काय, वाढंल हळूहळू," असं ते म्हणत. आमची कॅप्टन सुजाता त्यांना अशीच केडगावच्या एका लग्नात सापडली. मठ्ठ्याची बादली घेऊन ती अशी काही वाट काढत होती की मामा जिलबी तशीच सोडून उठले, तिच्या वडिलांना गाठलं आणि पोरगी कितवीत आहे, पळते कशी, तब्येत कशी, याची चौकशी सुरू केली. वडिलांना वाटलं हे मुलाचं स्थळ घेऊन आलेत. "आवो, पोरगी लहान हाय अजून," ते हात जोडून म्हणाले. "लहानच पाहिजे," मामा म्हणाले. त्यावर जे घडलं ते मिटवायला आत्याला मध्ये पडावं लागलं.

आम्ही बास्केट केली की मामांनी बास्केट करणारीचं कौतुक कधीही केलं नाही. ते कडेला उभे राहून ओरडायचे, "कुणी वाढलं?" मग जिनं शेवटचा पास दिला ती हात वर करायची आणि मामा टाळ्या वाजवायचे. बाहेरगावच्या प्रेक्षकांना वाटे, इथं जेवणाची काहीतरी भानगड झालेली दिसते. पण हसत हसत आमच्यात एक गोष्ट मुरली. चेंडू हातात आला की आधी मान वर जायची. सगळ्या बुटक्या पोरी, पण आम्ही जिंकू लागलो. आत्या एवढंच म्हणायची, "गावाला वाढायला शिकिवतायत, घरात कवा पळी उचललीय का इचारा."

त्यांच्या तत्त्वज्ञानाचं शेवटचं कलम मात्र फार कडक होतं. ज्याच्या घरची पंगत, त्याच्या घरच्यांनी शेवटी जेवायचं. मी भाची, म्हणजे पाहुणी, म्हणून मला पहिल्या पाचात जागा मिळाली. त्यांची स्वतःची मुलगी वैशाली माझ्याच वयाची, माझ्याहून चपळ, पण ती कायम बाकावर. लेकीला पुढं केलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून मामा तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. ती टॉवेल सांभाळायची, पाणी द्यायची, आणि कधीच काही बोलायची नाही. आत्या एकदा तडकली, "शेवटी म्हंजी कवा? पातेलं खरवडायला?" मामांना पटलं नव्हतं असं नाही, पण लोकांच्या बोलण्याची भीती वाटायची. आम्हाला त्यांचा राग यायचा आणि मायाही यायची.

वैशाली दहावीत होती, तेव्हा आम्ही शिरूरला अंतिम सामन्यात पोचलो. शाळेकडून खेळायची तिची ती शेवटची संधी. थोडा वेळ उरला होता आणि आम्ही जराशा मागे होतो. मामांनी वेळ मागून घेतली, आम्ही भोवती जमलो. पंचांनी परत बोलावलं तशा आम्ही निघालो, पण सुजाता बाकावर बसूनच राहिली.

"ऊठ की गं, काय झालं?"

"मामा, मी न्हाई उठत. वैशूच्या पानात कवापासून काय न्हाई. तुमास्नी दिसत न्हाई व्हय?"

कॅप्टन बसली तर सामना जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मामांनी एकदा सुजाताकडे पाहिलं, मग वैशालीकडे. तिनं मांडीवरचा टॉवेल घट्ट धरला होता. "जा," ते म्हणाले.

वैशाली आत आली आणि आम्ही चाटच पडलो. इतकी वर्षं बाकावरून बघून तिला आमच्यातली कोण कुठं पळणार हे आमच्याआधी कळत होतं. मी मान वर करायच्या आत चेंडू हातात यायचा. एकदा मी तो तिला परत दिला, तिनं जागेवरूनच टाकला आणि तो कड्याला न शिवता आत गेला. आता "कुणी वाढलं?" येणार म्हणून हात वर करून मी थांबले, पण मामा ओरडलेच नाहीत. ते नुसते उभे होते, आणि त्यांचे डोळे गळत होते.

एका गुणानं आम्ही हरलो. परतीच्या एसटीत मामा कधी नव्हे ते लेकीशेजारी जाऊन बसले. न्हावऱ्याचा फाटा मागे पडला. मग हळूच म्हणाले, "वैशे, तुला येवढं कवापासनं यायला लागलं गं?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लई दिस झाले, आप्पा."

मामा आता थकलेत, ऐकायलाही कमी येतं. पण कुणी घरी आलं की शिरूरच्या त्या सामन्याची गोष्ट निघतेच. सुरुवातीला तिच्यात वैशाली शेवटची काही मिनिटं खेळायची. मग मध्यंतरानंतर खेळू लागली. हल्ली ती पहिल्या शिट्टीपासून मैदानात असते, आणि माझ्या जागी असते. आम्ही कुणी मामांना अडवत नाही. वैशाली माहेरी आलेली असली, तर तीही शेजारी बसून अगदी शेवटपर्यंत ऐकते.