किसननानाचा गार हात

गोरेगाव या आमच्या खेड्यात, आमच्या गल्लीत पहिला रंगीत टीव्ही किसननानाकडे आला. शनिवारी संध्याकाळी लहान मुलांची भुताची मालिका लागायची. आम्ही पोरं त्याच्या ओसरीत दिवा मालवून दाटीवाटीनं बसायचो. पडद्यावरचं दार करकरत उघडू लागलं, की नाना टीव्हीचा आवाज पार बंद करायचा. मग रांजणात बुडवून आणलेला हात मागून कुणाच्या तरी मानेवर ठेवायचा. पोरगं किंचाळलं, की पोट धरून हसायचा.

"भेव पायजे लेकराला. भ्यालेलं लेकरू बराबर ऐकतंय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मोठी माणसंही हसायची. नाना लई मजेशीर माणूस, म्हणायची. मला तो तेव्हाही आवडत नव्हता. पण दुसरा टीव्ही होता कुठं?

माझी धाकटी बहीण सुनी तेव्हा पहिलीत होती. एका शनिवारी तो हात तिच्या मानेवर पडला आणि ती बसल्या जागी ओली झाली. नानानं दिवा लावला, सगळ्यांना उभं केलं.

"बघा रे, पोरीनं फरशी नासवली! पूस. तुज्या फ्रॉकनंच पूस."

सुनीनं फ्रॉकच्या घेरानं फरशी पुसली. नानाचा थोराड मुलगा प्रभाकर दारात उभा राहून फिदीफिदी हसत होता.

आई जाब विचारायला गेली. "नाना, लेकरू हाय ते. काहून असं केलं?"

"मजाक केली गं. तुजी पोरगीच भित्री, तिला मी काय करू?"

त्यानंतर आम्ही त्याच्या घरी गेलो नाही. शाळेत कुणी मागून हाक मारली, तरी सुनी दोन्ही हातांनी मान झाकून घ्यायची. आज तिला स्वतःची मुलगी आहे, तरी कुठंही गेली की भिंतीला पाठ लावूनच बसते.

नाना गेला तेव्हा सुनी माहेरी आलेली होती. आईच्या आग्रहानं आम्ही दोघी भेटायला गेलो. प्रभाकर आल्या-गेल्याला बापाच्या गमती सांगत होता. सुनीला बघून म्हणाला, "नानानं लेकरायला लई हसवलं. आठवतंय का गं, सुने?"

"आठवतंय," सुनी म्हणाली. "तुमच्या बापानं मला माज्या फ्रॉकनं मूत पुसायला लावलं. तुमी दारात उभं राहून हसत होता."

सुनीनं हातातला चहा न पिता खाली ठेवला आणि आम्ही दोघी उठून घरी आलो.