डाव्या पायापुरती जास्तीची रुंदी

चाकण रस्त्यावर गाडीवरून पडलो, तेव्हापासून डाव्या पायावरचा माझा विश्वास उडाला. हाड जुळलं, पण भीती गेली नाही. रावेतच्या बाजारात बायको आपसूक माझ्या डाव्या बाजूला येई आणि खांदा पुढे करी. मी त्यावर हात ठेवत असे आणि वर चिडतही असे. एकदा तरी आधाराशिवाय उभं राहायचं, एवढंच मनात होतं.

कंपनीत माझ्या लाइनवर मालवणचा एक सहकारी आहे. त्याच्या गावी उभ्याने वल्हवायचा बोर्ड घेऊन लोक लाटांवर जातात. "पायाला भरवसा येईल, या तर खरं," असं त्याने सांगितलं आणि मला ते पटलं.

मी तपासणी विभागातला माणूस. अर्धं आयुष्य मायक्रोमीटर धरण्यात गेलं. माझं वजन शहाऐंशी किलो, म्हणून तेवढं जेमतेम तरंगेल असाच बोर्ड मी कागदावर काढला: आठ फूट लांब, अठ्ठावीस इंच रुंद. काही म्हणजे काही जास्तीचं नाही. भोसरीत फायबरचं काम करणाऱ्या चाचांनी ड्रॉइंग पाहिलं.

"साहेब, हे मशीनला ठीक हाय. माणूस हलतो."

मी ऐकलं नाही. त्यांनी कागदाबरहुकूम बोर्ड करून दिला. मालवणला त्यावर उभा राहिलो की बोर्ड घोट्यापर्यंत पाण्याखाली. अकरा वेळा पडलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझा तर ओलाही झाला.

परत चाचांकडे गेलो, आणि आता अकरा फुटी करा म्हणालो. त्यांनी माझ्याकडून सहकाऱ्याचा नंबर घेऊन त्याला फोन लावला. तो म्हणाला, एवढा लांब बोर्ड तळ्यात चालेल. लाटेवर वळणार नाही, पुढचं टोक पाण्यात खुपसेल. चाचांनी फोन ठेवला आणि मला शेडमध्ये चालायला लावलं. मध्येच म्हणाले, "थांबा." मग खाली बसून माझ्या पावलांभोवती खडूने रेघा ओढल्या.

"बघा. डावा पाय तुमी बाहेर टाकता. त्याला जागा ठेवलीच नव्हती."

दोन वर्षं मी तो पाय लपवत होतो. या माणसाने त्याचं माप घेतलं, तेही कसलीही कीव न करता.

नवा बोर्ड साडेनऊ फुटी झाला, बत्तीस इंच रुंद, पोटाशी जाड. खडूच्या दोन्ही रेघा त्यावर मावत होत्या. मालवणला पहिल्या दिवशी नुसता उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी एका बेताच्या लाटेने मला उचललं. डावा पाय बाहेर गेला, त्याला जागा मिळाली, आणि मी उभ्यानेच वाळूपर्यंत आलो. त्या चाचांचे, त्या सहकाऱ्याचे उपकार मी विसरणार नाही.

बायको किनाऱ्यावर होती. सवयीने ती माझ्या डाव्या बाजूला आली आणि तिने खांदा पुढे केला. मी त्यावर बोर्डाचं एक टोक ठेवलं, दुसरं माझ्या खांद्यावर घेतलं, आणि आम्ही चालत वर गेलो.