मामाने किती वेळा डोळे मिटले?

माझा मामा दिसायला असा होता, की रस्त्यात दोघांचं जुंपलेलं असावं आणि मामा नुसता तिथून चालत गेला, तरी आवाज खाली यायचे. रुंद खांदे, झुपकेदार मिशा, आणि जन्मभर सोफ्यांचं कापड ताणून ताणून लोखंडासारखे झालेले हात. पण सिनेमा सुरू झाला की याच माणसाची पाचावर धारण बसायची. पडद्यावर कुणी अंधारात जिना चढू लागलं की त्याचे डोळे मिटायचे. नुसतं संगीत बदललं तरी मिटायचे. एकदा तर टूथपेस्टच्या जाहिरातीला मिटले, कारण तिच्यातला माणूस आरशासमोर एकटाच उभा होता.

मामीला हे लग्नाआधीच कळलं. लग्न ठरल्यावर दोघं पहिल्यांदा सिनेमाला गेले, तेव्हा ऐन मोक्याच्या क्षणी मामाने घाबरून शेजारचा हात गच्च धरला. हात मामीचा नव्हता. पलीकडच्या खुर्चीवर एक वयस्कर गृहस्थ बसले होते, त्यांचा होता. त्यांनी बराच वेळ सहन केलं आणि मग हळूच विचारलं, "मला रुमाल काढायचाय, क्षणभर सोडता का?" मामी ही गोष्ट सांगताना दरवेळी हसून हसून बेजार व्हायची. ती स्वतः भुताचे सिनेमे पॉपकॉर्न खात बघायची आणि भूत आलं की त्याच्या मेकअपला नावं ठेवायची.

मामाचं दुकान म्हणजे एका चौकातला बैठा गाळा. आत स्पंजचे तुकडे, कापडाचे गठ्ठे, उघड्याबोडक्या खुर्च्या, आणि मध्ये मामा, तोंडात बारीक खिळे धरून. चौकापलीकडे थिएटर होतं. तिथल्या खुर्च्या फाटून स्पंज बाहेर यायला लागला, तेव्हा मॅनेजरने दुरुस्तीचं काम मामाकडे सोपवलं. थिएटर बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून मामा सकाळी रिकाम्या हॉलमध्ये टाके घालायचा आणि दुपारच्या खेळाला मागच्या रांगेत बसून राहायचा. त्याचं कारणही मामीच होती. नवा सिनेमा आला की तो कसा आहे ते ती विचारायची आणि मामाला तो बघितल्याशिवाय सांगता येत नसे. अशा रीतीने त्या भागातला सगळ्यात भित्रा माणूस प्रत्येक नवा सिनेमा सगळ्यांच्या आधी बघू लागला.

सुरुवात शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी केली. त्यांना दोन नातवंडं, एक आठ वर्षांचं आणि एक पाच. पोस्टरवर वाघ होता आणि मुलांनी हट्ट धरला होता. काकूंनी दुकानाशी थांबून विचारलं, पोरांना चालेल का हो? मामाने तोंडातले खिळे काढले आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "मी दोनदा डोळे मिटले. एकदा वाघ आला तेव्हा, आणि एकदा तो येईल असं वाटलं तेव्हा." काकूंनी मनाशी हिशोब केला, नातवंडांना नेलं, आणि मुलं आनंदात परत आली.

झालं. दोनदा म्हणजे चालेल हे माप त्या दिवशी ठरलं. पुढे नवा सिनेमा लागला की संध्याकाळी दुकानाशी कुणी ना कुणी आईबाप थांबायचे आणि विचारायचे, "मामा, किती वेळा?" मामा सांगायचा, चार. किंवा, मोजलं नाही, सोडून दिलं. सोडून दिलं म्हणजे घरात लहान मूल असलेल्याने त्या सिनेमाकडे फिरकायचं नाही. थिएटरचा मॅनेजर पहिल्यांदा यावर चिडला होता. माझ्याच खुर्च्यांवर बसून माझीच गिऱ्हाइकं पळवतो, असं तो चारचौघांत म्हणाला. मामाने ऐकून घेतलं आणि पुढच्या खुर्चीला सुई लावली.

मग तो हत्तीचा सिनेमा आला.

कार्टूनचा सिनेमा, गाणी छान, रंग छान, पोस्टरच्या कोपऱ्यात सगळ्या वयांना चालेल असा शिक्का. मामाने संपूर्ण सिनेमात एकदाही डोळे मिटले नाहीत. आयुष्यात प्रथमच असं घडलं म्हणून तो इतका फुशारला, की ज्याला त्याला सांगत सुटला, शून्य, अगदी शून्य, बिनधास्त न्या. बेकरीवाली बाईही मुलाला घेऊन गेली. मुलगा पाच वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, सगळे त्याला बटण म्हणायचे. त्याचे वडील जहाजावर काम करायचे आणि नुकतेच लांबच्या फेरीवर गेले होते.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाली दुकानात आली. भांडायला नव्हती आली, पण तिचा चेहरा उतरला होता. सिनेमात हत्तीचं पिल्लू गर्दीत बापाचं शेपूट सोडतं आणि हरवतं. इतर मुलं हसत होती, कारण पिल्लू चुकून एका उंटाचं शेपूट धरून चालत राहतं. बटण मात्र रडायला लागला, थांबेचना. तिला त्याला उचलून बाहेर आणावं लागलं. तेव्हापासून तो तिचा पदर सोडत नव्हता, बेकरीत गिऱ्हाईक आलं तरी मागे मागे, न्हाणीघराच्या दाराशीही उभा. "तुम्ही शून्य म्हणालात म्हणून नेलं हो," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशी मामाने एका खुर्चीला कापड उलटं लावलं आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. घरी येऊन तो मामीजवळ बसला आणि म्हणाला की हे काम आपलं नाही, आपण कोण सांगणारे. मामीने त्याच्यापुढे चहा ठेवला.

"अहो, तुम्ही घाबरता अंधाराला," ती म्हणाली. "त्या पोराला अंधाराची भीती नाहीये, बाप न येण्याची आहे. तुम्ही तुमचेच डोळे मोजलेत. त्याला काय सोसत नाही, हे विचारलंत कुणाला?"

मामाने विचारलं, "पण ते पिल्लू तर शेवटी सापडतं की. बाप सगळा बाजार पालथा घालतो."

"बटणने तो शेवट बघितलाच कुठे?" मामी म्हणाली.

चहा तसाच ठेवून मामा उठला.

तो आधी बेकरीत गेला आणि आईची परवानगी घेतली. मग बटणच्या उंचीला येईल असा खाली बसून त्याने सांगितलं, की मलाही सिनेमात भीती वाटते, मी तर मोठ्या माणसाचा हात धरतो. बटणला ते खरं वाटेना. एवढ्या मिशा असलेला माणूस? मामाने मामीला साक्षीला बोलावलं आणि मामीने ती रुमालाची गोष्ट त्याला साग्रसंगीत सांगितली. बटण हसला. त्या सगळ्या गडबडीत पदर हातातून सुटला हेही त्याला कळलं नाही.

मॅनेजरला विचारून ठरलं, की सकाळी खुर्च्यांचं काम चालू असताना शेवटचा तेवढा भाग पडद्यावर लावायचा, दिवे चालू ठेवून. मॅनेजर कुरकुरत आला, पण आला. मागच्या रांगेत बटण, त्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मामा, आणि मामाच्या पलीकडे मामी, कारण मामाचा भरवसा नव्हता. पडद्यावर हत्ती बाजार तुडवत निघाला. टोपल्या उलथल्या, छत्र्या उडाल्या, उंट बाजूला झाला, आणि बापाने सोंड लांब करून पिल्लाला उचललं.

बटण खुर्चीवर उभा राहिला. "सापडला," तो म्हणाला. मग सगळ्यांना कळलं नसेल म्हणून मॅनेजरकडे वळून पुन्हा म्हणाला, "काका, सापडला."

मॅनेजरने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, परत लावू का? परत लावला. मग आणखी एकदा लावला. तिसऱ्या वेळी बटण पडद्याकडे पाठ करून मामालाच पुढे काय होणार ते समजावून सांगत होता. दुपारी तो बेकरीच्या पायरीवर एकटा बसून बिस्किट खाताना दिसला, आणि मामाने ते पाहण्यासाठी चौक दोनदा ओलांडला.

त्यानंतर दुकानाशी येणाऱ्यांना आकडा मिळेनासा झाला. कुणी विचारलं, किती वेळा, की मामा उलट विचारायचा, पोरगं कसलं आहे? झोपताना दिवा लागतो का? कुत्र्यामांजरांत जीव आहे का? घरात नुकतं कुणी आजारी होतं का? लोक पहिल्यांदा गोंधळले. एका बाईंना तर वाटलं, मामा सोयरीक जुळवतोय. पण मग लोक उत्तरं देऊ लागले, आणि देता देता त्यांच्याच ध्यानात यायचं की आपल्याला हे सगळं माहीत होतं, फक्त सिनेमाशी कधी जोडलं नव्हतं. सिनेमात काय आहे ते मामा सांगायचा, मुलात काय आहे ते आईबाप सांगायचे, आणि निर्णय घेऊन ते घरी जायचे.

सगळ्यात कठीण गिऱ्हाईक निघाला बस चालवणारा एक गृहस्थ. त्याची मुलगी चौदा वर्षांची. तिला मैत्रिणींबरोबर एक सिनेमा बघायचा होता, शाळेतल्या मुलींचा, ज्यात एकीचा फोटो सगळ्या वर्गात फिरतो आणि तिला जगणं नकोसं होतं. बापाने पोस्टर बघितलं, त्यावर रडणारी मुलगी आणि तुटलेला आरसा बघितला, आणि नाही म्हटलं. घरात अबोला सुरू झाला. मुलगी जेवायची पण बोलायची नाही, मीठसुद्धा आईमार्फत मागायची.

तो मामाकडे आला तो आपली बाजू भक्कम करायलाच. तुम्हीही तिला नाहीच म्हणून सांगा, म्हणाला.

मामाने खरं ते सांगितलं. सिनेमा अवघड आहे, मी बऱ्याचदा डोळे मिटले, एक प्रसंग लहानांना मुळीच नको. पण घाणेरडा नाही. "आणि मी घाबरलो म्हणून तुमची मुलगी घाबरेलच असं नाही," तो म्हणाला. "तुम्ही बघितलाय का?"

बघितला नव्हता.

"मग तिच्याबरोबर जा. बघून झाल्यावर लगेच काही विचारू नका. ती बोलेपर्यंत तोंड बंद ठेवा. तेवढं जमेल?"

बसवाल्याने जमेल म्हटलं, पण त्याच्या चेहऱ्यावर काही तसं दिसत नव्हतं. मुलीने अट घातली की बाबांनी दोन रांगा मागे बसायचं आणि ओळख दाखवायची नाही. त्याने मान्य केलं. सिनेमा सुटल्यावर मैत्रिणी पांगल्या आणि बाप-लेक स्टॉपवर उभे राहिले. बस आली. मुलगी म्हणाली, चालत जाऊया. जन्मभर बस चालवलेला तो माणूस शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत घरी गेला. पहिला अर्धा रस्ता ती गप्प होती आणि तोही गप्प होता. मग ती बोलायला लागली. वर्गात कुणाच्या फोटोवरून कसा छळ चालतो, आपण त्यात हसलो होतो का, पुढच्या वेळी काय करायचं, सगळं. घर आलं तरी बोलणं संपलं नव्हतं म्हणून दोघं गल्लीला आणखी एक फेरी घालून आले.

दुसऱ्या दिवशी तो लंगडत दुकानात आला. "टाचेला फोड आलाय," म्हणाला, आणि इतका खूश होता की मामाला क्षणभर कळेना अभिनंदन करावं की मलम द्यावं.

या सगळ्यात मॅनेजरचंही मत फिरलं होतं. न झेपणाऱ्या सिनेमाला लोक पोरं घेऊन येईनासे झाले हे खरं, पण झेपणाऱ्याला अख्खी कुटुंबं यायला लागली आणि मध्यंतरात कुणी रडत बाहेर पडेनासं झालं. एके दिवशी तोच दुकानात येऊन स्टुलावर बसला. रविवारी सकाळी मुलांसाठी एक खेळ ठेवावा म्हणतो, म्हणाला, कसा ठेवू? मामाने सुचवलं ते असं: दिवे निम्मे चालू, आवाज थोडा कमी, आणि दार उघडं. भीती वाटली तर बाहेर यायचं, बरं वाटलं की आत जायचं. बाहेर कोण थांबणार, असा प्रश्न आला. त्यावर डबा घेऊन आलेली मामी म्हणाली, हे काय, हे आहेत की.

पहिल्या रविवारी मामाने दुकानातला एक लांब सोफा थिएटरच्या पडवीत आणून ठेवला. नवं पिवळं कापड, गुबगुबीत स्पंज. सिनेमा एका समुद्री राक्षसाचा होता, मनाने चांगल्या पण चेहऱ्याने भयंकर. पहिल्यांदा राक्षस पाण्यातून वर आला तशी तीन-चार मुलं बाहेर आली आणि सोफ्यावर ओळीने बसली. मामा आधीपासूनच तिथे होता. मग आणखी काही आली. बटण आतून मध्येमध्ये डोकावून बातमी द्यायचा, अजून आहे, अजून आहे, आता गेला, या. मुलं आत पळायची. थोड्या वेळाने पुन्हा आरडाओरडा, पुन्हा सोफा भरायचा.

मध्यंतराच्या जरा आधी बसवाला बाहेर आला. धाकट्या पुतण्याला घेऊन आला होता, पण पुतण्या आतच होता. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि मुलांना सरकायला सांगून सोफ्याच्या कडेला टेकला. पाठोपाठ शिवणकामवाल्या काकू आल्या. मग मॅनेजर आला, हिशोब बघायचाय असं पुटपुटत, आणि बसला. आतून मामीचं हसणं पडवीपर्यंत ऐकू येत होतं. ती राक्षसाच्या दातांना नावं ठेवत होती आणि तिच्या आसपासची मुलं एक एक दात मोजून तिला साथ देत होती.

सोफ्यावर आता जागा उरली नव्हती. एक छोटी मुलगी येऊन उभी राहिली आणि सगळ्या मोठ्यांकडे निरखून बघू लागली. मामाने तिला मांडीवर घेतलं.

"तुम्ही सगळे घाबरलात?" तिने विचारलं.

"हो," मामा म्हणाला, आणि बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

मुलीने थोडा विचार केला. मग ती मांडीवरून उतरली, बसवाल्याचा हात धरला, आणि त्याला आत घेऊन गेली.