मागच्या भिंतीवरच्या गोधड्या

जवळच्या कारखान्याने आमच्या शाळेला नवी खोली बांधून दिली, तेव्हा मी चौथीला शिकवत होते. गुळगुळीत गिलावा, चकचकीत फरशी, डोक्यावर स्लॅब. सगळा गाव बघून गेला. पहिल्या दिवशी मी धडा वाचायला घेतला आणि माझाच आवाज भिंतींवरून परत येऊन पुढच्या शब्दावर आदळू लागला. पुढच्या रांगेला निम्मं कळे. मागे डोंगरातल्या वाडीची मुलं बसत, त्यांच्यापर्यंत नुसतं घुमणं जाई. आधीच पुस्तकातली भाषा त्यांना परकी. त्यांचं वर्ष वाया जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते मला ताई म्हणायचे आणि मीही त्यांना भावासारखं मानायचे. ते स्वतः मागच्या रांगेत मांडी घालून बसले, मला वाचायला लावलं आणि म्हणाले, "ताई, एक शब्द कळला असेल तर शपथ. खोलीच घुमते. साहेब आले की मी बोलतो." तोवर मी मुलांच्या आयांकडून जुन्या गोधड्या मागून आणल्या आणि मागच्या भिंतीवर टांगल्या. घुमणं बरंच कमी झालं. वाडीची मुलं प्रश्न विचारू लागली.

मग कारखान्याचे साहेब आले. गोधड्या बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते हसत म्हणाले, "खोली झकास आहे साहेब. आमच्या बाईंचा आवाजच बारीक, म्हणून हे उद्योग."

"सगळं नीट ऐकू येतं ना रे?" साहेबांनी मुलांना विचारलं. पाहुण्यांनी काहीही विचारलं तरी एका सुरात 'हो' म्हणायचं, हा आमच्या शाळेचा शिरस्ता. मुलं 'हो' म्हणाली. गोधड्या तिथल्या तिथे उतरल्या. मुलांचा मला राग आला नाही. पण मागे बसून स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या माणसाने केसाने गळा कापला, ते मी आजही विसरलेले नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला पहिली दिली आणि चौथी स्वतःकडे घेतली.

परीक्षेत वाडीची मुलं मागे पडली. सुट्टीत पौडच्या बाजारात त्यांच्यातल्या एकीची आई भेटली. "बाई, दुखनं अंगावर काडू नका," ती म्हणाली. "गुरुजी सांगत व्हते, तुमच्या घशापायी पोरं मागं राह्यली. तवाच सांगायचं व्हतं की आमाला."

ती जराही रागावलेली नव्हती. पिशवीतून ज्येष्ठमधाची कांडी काढून तिने माझ्या हातावर ठेवली.